'दुराग्रह': अर्थ आणि प्रयोग

स्वतःच्या मतास घट्ट धरून राहणाऱ्यास मराठीत हट्टी, हेकेखोर, मताग्रही, दुराग्रही अशी अनेक विशेषणे लाविली जातात. ती परस्परांच्या जागी बिनदिक्कत वापरली जात असली तरी एकार्थी नव्हेत. 'हट्ट' शब्दाच्या मुळाशी संस्कृत 'हठ', म्हणजे बळजोरी, आहे. त्यास कारणाची अपेक्षाच नसते, म्हणून तो बालकास शोभतो. 'दुराग्रह' मात्र प्रौढांच्या वादातील शब्द होय. प्रतिपक्षाने कारण दाखविल्यावरही जे मत सुटत नाही, त्यासच तो यथार्थपणे लागू पडतो. विचारापूर्वीच बनलेले मत हा पूर्वग्रह. विचार पुढे येऊनही टिकून राहिलेले ते दुराग्रह.

या शब्दांतील 'ग्रह्' म्हणजे धरणे. मराठीने हा धात्वर्थ क्रियापदातही जपला आहे: हट्ट, हेका, आग्रह हे सारे 'धरावयाचे' असतात. जेवणाचा आग्रह मात्र 'करतात', तत्त्वाचा 'धरतात'. पंक्तीत वाढणाऱ्याने आग्रह 'धरला' असे म्हटले, तर पाहुण्याची धडगत नाही. आणखी एक विशेष असा की, 'दुराग्रह' प्रथमपुरुषी सहसा नकारानेच येतो. 'माझा आग्रह आहे, दुराग्रह नाही' असे वक्ता म्हणतो. दुराग्रह नेहमी दुसऱ्याचा!

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशी, सिरोंचा तालुक्यात, मराठीची गाठ तेलुगूशी पडते. तेलुगूतही धरण्यावरूनच हा अर्थ सिद्ध झाला आहे. 'पट्टु' म्हणजे धरणे व पकड. त्यावरून 'पट्टुदल' म्हणजे चिकाटी आणि 'मोंडिपट्टु' म्हणजे हेका. स्तुती आणि निंदा एकाच धातूच्या पोटी नांदतात, हे दोन्ही भाषांत समान आहे. पण संस्कृतातून उभयतांनी घेतलेला 'आग्रह' येथे दगा देतो. लिखित तेलुगूत 'आग्रहमु' म्हणजे क्रोध. 'ग्रामसभेचा आग्रह आहे' हे मराठी वाक्य शब्दास शब्द ठेवून तेलुगूत नेले, तर ग्रामसभा रागावली आहे असा अर्थ होईल. परकीय शब्द अनुवादकास सावध करतो. ओळखीचा तत्सम शब्द त्यास बेसावध गाठतो.

शब्दाची ही निवड केवळ कोशकाराची चिंता नव्हे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावी निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घेण्याची रीत आहे. बहुमताच्या सभेत एकट्याच्या विरोधास दुराग्रह म्हणून पुढे जाता येते. सर्वसहमतीत तसे करता येत नाही. त्याचे कारण ऐकून घेईपर्यंत निर्णय थांबतो. अर्थात 'दुर्' हा उपसर्ग लावण्याचा अधिकार तेथे मोजणीने मिळत नाही.

याच गावाचा बांबूविषयीचा वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने 'वृक्ष' या संज्ञेत बांबूचा समावेश केला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने तोच बांबू गौण वनोपजांत स्पष्टपणे गणला. गावास सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाले, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यावयाचा हा तंटा राहिला. गावकरी एका व्याख्येस धरून होते, वनखाते दुसऱ्या. बाह्यतः दोन्ही पकडी सारख्याच घट्ट. परंतु नवा कायदा हे पुढे आलेले कारण होते, आणि ते आल्यावरही जुनी संज्ञा न सोडणे हे वर सांगितलेल्या कसोटीस पुरेपूर उतरते. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. १९२७ च्या अधिनियमातील 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो त्यानंतर सहा वर्षांनी, २०१७ च्या अध्यादेशाने.