भरलेली गाडी तिरपी चालते? मागचा एक्सल तपासा



दरवेळी बोंडअळी, खत, फवारणीवर मेसेज येतो. आज गाडीवर. कापूस वेचणी सुरू आहे, सोयाबीनचे कट्टे निघालेत आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचा माल जुन्या ४०७ मध्येच जातो. टाटाने ही गाडी १९८६ मध्ये आणली, तेव्हाच्या काही अजून पळतात. चांगल्याच पळतात, पण पाटे पाहिले जात नाहीत.

या गाडीत मागचा एक्सल जागेवर धरायला पाट्यांशिवाय दुसरं काही नाही. पाट्याचं पुढचं टोक पिनेवर पक्कं असतं, मागचं शॅकलवर हलतं. मधोमध पाटे आणि एक्सल यांना यू-बोल्ट आवळून धरतात. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या खाचेत बसतं, ते फक्त जागा दाखवायला. वजन पेलायचं काम त्याचं नाही. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा हिसका सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो. मग ब्रेक मारला किंवा खड्डा आला की एका बाजूनं एक्सल मागे सरकतो. स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं, टायर एका अंगानं झिजतात. म्हणून मिस्त्रीनं नुसता सेंटर बोल्ट बदलून दिला तर समाधान मानू नका. तो परत तुटेल. यू-बोल्ट नवीनच टाकून घ्या आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा आवळा. पाटे दबून बसतात, त्यामुळे नट ढिले पडतातच.

तपासणी घरी होते. गाडी सपाट जागी उभी करा. पाट्याच्या पुढच्या पिनेपासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेप लावा, दोन्ही बाजूंनी. माप सारखं यायला पाहिजे. नंतर चेसिसपासून टायरच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा, डावीकडे आणि उजवीकडे. पहिलं माप बरोबर पण हे चुकलं, तर बहुतेक बुश किंवा शॅकल पिन झिजली आहे. रिकाम्या गाडीत हे लपतं, म्हणून एकदा भरल्यावरही मोजा.

कापूस वजनाला हलका, पण हौद्यावर उंच रचला जातो. पांदणीतून निघताना गाडी एका चाकावर कलते, तेव्हा सगळा भार त्याच बाजूच्या पाट्यावर येतो. वर मजूर बसवू नका, हे हात जोडून सांगतो. सोयाबीन-तुरीचं उलट आहे: कट्टे कमी दिसतात, वजन भरपूर. एका बाजूला किंवा पार मागे थप्पी लावू नका.

काही जण जास्तीचा पाटा टाकतात. टाकायचाच तर दोन्ही बाजूंना सारखा, आणि यू-बोल्ट लांब घ्या, नट पूर्ण चढला पाहिजे. त्यानं आरसी बुकातलं वजन मात्र वाढत नाही.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत झाली, विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत, म्हणून जुनी गाडीही आता ऐंशीनं जाते. सरकलेला एक्सल त्या वेगात अचानक ब्रेक मारल्यावर कळतो.

माप चुकलं असेल तर त्या दिवशी गाडी भरू नका. संकलन केंद्रावर आदल्या दिवशी कळवा, तुमचा माल दुसऱ्या गाडीत घेऊ.