ऑनलाइन पोकर : डाव मोडला, पैसा अडकला

१५ एप्रिल २०११, शुक्रवार. अमेरिकेतील पत्तेशौकिनांनी त्या दिवशी आपली नेहमीची संकेतस्थळे उघडली, तेव्हा पत्त्यांच्या टेबलाऐवजी पडद्यावर न्याय खाते आणि एफबीआय यांच्या मुद्रा असलेली जप्तीची नोटीस झळकत होती. पोकरस्टार्स, फुल टिल्ट पोकर आणि ॲब्सोल्यूट पोकर या अमेरिकी खेळाडूंमध्ये सर्वाधिक लोकप्रिय असलेल्या तीन कंपन्यांविरुद्ध न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याचे सरकारी वकील प्रीत भरारा यांनी आरोपपत्र खुले केले होते. फिरोजपूर येथे जन्मलेल्या भरारा यांचे नाव तोवर वॉल स्ट्रीटवरील गैरव्यवहारांच्या खटल्यांमुळे गाजले होते. या आरोपपत्रात ११ जणांची नावे होती. पाच संकेतनामे जप्त झाली, निरनिराळ्या देशांतील सुमारे ७५ बँक खात्यांवर निर्बंध आले आणि ३०० कोटी डॉलरच्या वसुलीचा दिवाणी दावाही दाखल झाला. पोकरच्या जगात हा दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो.

कारवाई कंपन्यांवर होती, खेळणाऱ्यांवर नव्हती. एकाही सामान्य खेळाडूवर आरोप ठेवण्यात आला नाही. तरीही तिची झळ सर्वाधिक काळ सोसली ती खेळाडूंनीच. असे का घडले, याचे उत्तर त्या शुक्रवारच्या साडेचार वर्षे आधी झालेल्या एका कायद्यात आणि या खेळाच्या आर्थिक रचनेत दडलेले आहे.

पैसा खेळाडूंचा, खाते कंपनीचे

पोकर हा आपल्याकडील तीन पत्तीच्या जातकुळीतला खेळ. हातात आलेली पाने, समोरच्याच्या मनाचा अंदाज आणि पैसे लावण्याचे धाडस यांवर तो चालतो. येथे खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, कंपनीविरुद्ध नव्हे. कंपनी केवळ टेबल मांडून देते आणि डावातील एकूण रकमेतून लहानसा हिस्सा कापून घेते. त्याला ‘रेक’ म्हणतात. म्हणजे रेक वजा जाता कंपनीच्या खात्यात पडून असलेली रक्कम ही खेळाडूंची ठेव असते, कंपनीचे उत्पन्न नव्हे. पुढच्या साऱ्या घटनाक्रमाचे मर्म या एका भेदात आहे.

२००३ साली ख्रिस मनीमेकर या टेनेसी राज्यातील लेखापालाने इंटरनेटवरील एका अल्प शुल्काच्या स्पर्धेतून ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’मध्ये प्रवेश मिळवला आणि मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर पटकावले. सामान्य नोकरदारही घरबसल्या जगज्जेता होऊ शकतो, हे स्वप्न त्यातून देशभर पसरले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ स्पर्धक होते. २००६ मध्ये त्यांची संख्या ८,७७३ झाली.

पैशाची वाट अडवली

त्याच २००६ सालच्या १३ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी बंदरांच्या सुरक्षेसंबंधीच्या एका कायद्यावर स्वाक्षरी केली. इंटरनेटवरील बेकायदा जुगाराला आळा घालणारी तरतूद त्याच कायद्याला जोडण्यात आली होती. तिने खेळणे हा गुन्हा ठरवला नाही. बेकायदा जुगारासाठी कंपन्यांनी पैसे स्वीकारणे हा मात्र गुन्हा ठरला आणि असे व्यवहार रोखण्याची जबाबदारी बँकांवर आली. संकेतस्थळांचे सर्व्हर परदेशात असले तरी पैसा अमेरिकी बँकांतूनच जाणार, तेव्हा ती वाट अडवली की खेळ आपोआप थांबेल, असा हिशेब त्यामागे होता.

हा हिशेब अर्धाच जुळला. लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या पार्टीगेमिंग कंपनीने अमेरिकेतून माघार घेतली. संसदेने विधेयक मंजूर केल्यानंतरच्या पहिल्याच व्यवहाराच्या दिवशी तिच्या शेअरचा भाव निम्म्याहून खाली आला होता. जानेवारी २००७ मध्ये नेटेलर या पैसे हस्तांतरित करणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांना अटक झाली आणि त्या कंपनीकडील अमेरिकी ग्राहकांचे पैसे काही महिने अडकून राहिले. भागधारकांना उत्तरदायी असलेल्या आणि हिशेब जाहीर करणाऱ्या कंपन्या अशा रीतीने बाजूला झाल्या. खेळण्याची इच्छा मात्र कमी झाली नाही. रिकामी झालेली जागा पोकरस्टार्स व फुल टिल्ट या खासगी कंपन्यांनी भरून काढली. पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याने त्याला हा कायदा लागू होत नाही, अशी या कंपन्यांची भूमिका होती. दक्ष कंपन्या आधी बाहेर पडल्या आणि अधिक जोखीम पत्करणाऱ्या टिकल्या, हा पहिल्या बडग्याचा परिणाम.

दागिने आणि गोल्फचे चेंडू

नेहमीची वाट बंद झाल्यावर आडवाटा निघाल्या. सरकार पक्षाच्या म्हणण्यानुसार, पोकरची देणीघेणी बँकांच्या कागदोपत्री दागिने, गोल्फचे चेंडू अशा मालाची खरेदी म्हणून दाखवली जात होती. त्यासाठी दलाल कंपन्या आणि नावापुरती दुकाने उभी करण्यात आली. युटा राज्यातील सेंट जॉर्ज या गावच्या सनफर्स्ट या छोट्या बँकेत एक कोटी डॉलर गुंतवण्याच्या बदल्यात तिने हे व्यवहार स्वीकारावेत, असा सौदा झाल्याचा आरोपही होता. ही बँक नोव्हेंबर २०११ मध्ये नियामकांनी बंद केली.

अशा आडवाटांना मोठी किंमत असते. दलाल कधी पैसे घेऊन पसार होत, कधी सरकार त्यांची खाती गोठवी. फुल टिल्टपुढे २०१० च्या उन्हाळ्यानंतर विचित्र पेच निर्माण झाला. खेळाडूंच्या बँक खात्यांतून पैसे वसूलच होईनात. तथापि हे मान्य केले तर ग्राहक प्रतिस्पर्ध्याकडे जाणार. म्हणून कंपनी प्रत्यक्ष पैसे न मिळताच खेळाडूच्या नावे रक्कम जमा दाखवत राहिली. असे कागदी डॉलर टेबलावर खेळले गेले, हरले गेले, जिंकले गेले. सरकार पक्षाने हा आकडा सुमारे १३ कोटी डॉलर सांगितला. जिंकणाऱ्याच्या नावावर रक्कम दिसत होती, पण तिच्यामागे पैसा नव्हता.

दोन कंपन्या, दोन अनुभव

छाप्यानंतर पाचच दिवसांनी न्याय खात्याने पोकरस्टार्स व फुल टिल्ट यांना खेळाडूंचे पैसे परत करण्यासाठी संकेतनामे वापरण्याची मुभा दिली. पोकरस्टार्सने खेळाडूंच्या ठेवी कंपनीच्या खर्चापासून वेगळ्या ठेवल्या होत्या. तिच्या अमेरिकी ग्राहकांना काही दिवसांतच पैसे मिळू लागले. फुल टिल्टच्या ग्राहकांना मात्र आश्वासनांपलीकडे काही मिळाले नाही.

२० सप्टेंबर २०११ रोजी भरारा यांनी सुधारित दाव्यात याचे कारण मांडले. ३१ मार्च २०११ रोजी, म्हणजे छाप्याच्या दोन आठवडे आधी, कंपनी जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती. त्यातील १५ कोटी अमेरिकी खेळाडूंचे होते. बँकेत मात्र जेमतेम ६ कोटी उरले होते. एप्रिल २००७ पासून संचालक व मालकांनी ४४ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम लाभांशापोटी उचलली होती आणि त्या मालकांत हॉवर्ड लेडरर, ख्रिस फर्ग्युसन यांसारखे नामांकित खेळाडूही होते. खेळाडूंचे पैसे सुरक्षित व वेगळे ठेवल्याचे कंपनी सांगत असताना हे घडत होते. भरारा यांनी या कारभाराला जागतिक ‘पॉन्झी’ योजना म्हटले. लेडरर व फर्ग्युसन यांनी पुढे दोष कबूल न करता दिवाणी तडजोड केली.

फुल टिल्टला परवाना देणाऱ्या आल्डर्नी या इंग्लिश खाडीतील चिमुकल्या बेटाच्या नियामकाने जूनअखेरीस तो स्थगित केला आणि सप्टेंबरअखेरीस रद्द केला. तोवर उशीर झाला होता. कारवाईमुळे ही पोकळी निर्माण झाली नव्हती, ती उघडी पडली. परंतु व्यवहार चोरवाटांवर ढकलले गेल्याने ती आधी कुणाच्या नजरेस आली नव्हती, हेही तितकेच खरे.

तीन वर्षांची प्रतीक्षा

कोंडी फुटली ती ३१ जुलै २०१२ रोजी. पोकरस्टार्सने कोणताही दोष मान्य न करता ७३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली. त्यातील ५४ कोटी ७० लाख अमेरिकी सरकारला आणि १८ कोटी ४० लाख अन्य देशांतील फुल टिल्टच्या खेळाडूंसाठी होते. त्या बदल्यात फुल टिल्टची मालमत्ता पोकरस्टार्सला मिळाली. बिगरअमेरिकी खेळाडूंना नोव्हेंबर २०१२ पासून पैसे मिळू लागले. अमेरिकी खेळाडूंना मात्र अर्ज, छाननी आणि पडताळणी यांतून जावे लागले. त्यांचा पहिला हप्ता फेब्रुवारी २०१४ अखेर निघाला. सुमारे २७,५०० जणांना मिळून ७ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. ॲब्सोल्यूट पोकरच्या ग्राहकांसाठी परताव्याची प्रक्रिया सुरू व्हायला तर २०१७ साल उजाडले.

ज्यांची उपजीविकाच या खेळावर होती, त्यांच्यासाठी ही वर्षे बिकट गेली. संगणकावर एकाच वेळी अनेक टेबले मांडून खेळणाऱ्या व्यावसायिकांचे उत्पन्न आणि भांडवल दोन्ही एकाच दिवशी थांबले. अनेकांनी कॅनडा, मेक्सिको, कोस्टारिका येथे बिऱ्हाड हलवले. पोकर कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम बंद पडले. डब्लिनमध्ये फुल टिल्टची सेवा सांभाळणाऱ्या कंपनीत नोकरकपात झाली.

खेळ मात्र संपला नाही. काही खेळाडू अमेरिकी ग्राहक स्वीकारणाऱ्या लहान परदेशी संकेतस्थळांकडे वळले. त्यांतील लॉक पोकर हे संकेतस्थळ २०१५ मध्ये खेळाडूंची देणी बुडवून बंद झाले. दुसरीकडे, तारांद्वारे होणाऱ्या जुगारासंबंधीचा १९६१ चा कायदा केवळ क्रीडा सट्ट्याला लागू होतो, असे मत न्याय खात्याने डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केले आणि राज्यांना दार उघडले. २०१३ मध्ये नेवाडा, डेलावेअर व न्यू जर्सी येथे, तर पुढे पेनसिल्व्हेनिया व मिशिगन येथे परवान्याखाली ऑनलाइन पोकर सुरू झाले. ‘वर्ल्ड सिरीज’च्या मुख्य स्पर्धेला मात्र २००६ चा विक्रम मोडण्यासाठी २०२३ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी १०,०४३ स्पर्धक उतरले. ११ आरोपींपैकी शेवटचे, पोकरस्टार्सचे संस्थापक इसाय शाइनबर्ग यांच्यावरील खटला तर सप्टेंबर २०२० मध्ये निकालात निघाला.

भारतापुढील प्रश्न

हा इतिहास आता भारतीय वाचकालाही परका नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय विधेयकाला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा आपल्याकडील जुना वाद त्याने बाजूला सारला. खेळाडूला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार करू देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांना मात्र तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. म्हणजे येथेही पैशाच्या वाटेवरच पहारा बसवण्यात आला. पोकरबाझी, ड्रीम११ अशा कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि ग्राहकांना शिल्लक काढून घेण्यास सांगितले. कायद्याला न्यायालयांत आव्हानही देण्यात आले. पणजीला मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंमधली टेबले राज्याच्या स्वतंत्र कायद्याखाली येतात. हा कायदा ऑनलाइन खेळांपुरताच आहे.

बंदीमागची चिंता खोटी नाही. व्यसन, कर्ज आणि उद्ध्वस्त होणारी घरे यांकडे कोणत्याही सरकारला डोळेझाक करता येणार नाही. मात्र अमेरिकेच्या अनुभवाने दोन गोष्टी दाखवून दिल्या. हिशेब देणाऱ्या कंपन्या बंदीच्या पहिल्या दिवशीच निघून जातात. ज्यांचा पत्ता सापडत नाही त्या मागे उरतात, आणि बंदीची खरी परीक्षा त्यांच्याबाबतीत असते. दुसरी गोष्ट अशी, की खेळाडूची ठेव कंपनीच्या तिजोरीपासून वेगळी ठेवली होती की नाही, यावर पैसे काही दिवसांत मिळणार की तीन वर्षांनी, हे ठरले. पोकरस्टार्स आणि फुल टिल्ट यांच्यावर कारवाई एकाच दिवशी, एकाच आरोपपत्राने झाली. त्यांच्या ग्राहकांच्या वाट्याला आलेला काळ मात्र एक नव्हता.