गच्चीच्या दुरुस्तीचा महिना

शहरातल्या सोसायट्यांनी गच्चीच्या दुरुस्तीसाठी मे महिना जणू राखूनच ठेवला आहे, आणि इतक्या दुरुस्त्या फसण्याचं एक मोठं कारण मला तिथेच दिसतं. रसायनं बदलली, ठेकेदार दहा-दहा वर्षांची हमी लिहून देऊ लागले, तरी दोन-तीन पावसाळ्यांत वरच्या मजल्याच्या छताला पुन्हा ओल धरते, पोपडे सुटतात. दोष मालाला दिला जातो. मालात खोट असतेही. पण चांगला मालसुद्धा घाईत आणि गळती नेमकी कुठे आहे हे न पाहता लावला, तर तो काय करणार? मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला. पावसाच्या तोंडावर कोबा फोडणं हा किती मोठा जुगार आहे, हे त्या वर्षाने दाखवून दिलं.

काँक्रीटचा स्लॅब पाणी पूर्णपणे अडवत नाही. ते अडवण्याची आणि घालवण्याची व्यवस्था त्याच्या वर करावी लागते. आपल्याकडे ती बहुधा ब्रिकबॅट कोब्याची असते: विटांचे तुकडे मसाल्यात बसवून दिलेला ढाळ, वर घोटलेला कोबा किंवा चायना मोझॅक, कठड्याला लागून गोलसर वाटा आणि शेवटी पाणी उतरवणारे पाइप. यात सर्वांत महत्त्वाचा ढाळ, आणि दुर्लक्ष होतं ते नेमकं त्याच्याकडे. शंभरास एक एवढा ढाळ हवा असेल, तर दहा मीटर लांबीत दहा सेंटिमीटरचा उतार मिळायला हवा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सुमारे ९,३०० लिटर पाणी पडलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्या हिशेबाने एवढ्याच गच्चीवर ८७ हजार लिटरहून अधिक पाणी आलं. ढाळ चुकला असेल किंवा पाइपाचं तोंड पालापाचोळ्याने आणि कबुतरांच्या पिसांनी तुंबलं असेल, तर वर कितीही महागडा लेप असो, साचलेलं पाणी बारीकशी भेग शोधून काढतंच.

ही भेग मे महिन्यात दिसत नाही, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा तोच आहे. घरात पाणी जिथे टपकतं, त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही. पाणी कोब्याखाली शिरून स्लॅबवरून आडवं सरकतं आणि कुठेतरी लांब, एखाद्या सांध्यातून किंवा पंख्याच्या हुकातून खाली येतं. वाटा कठड्यापासून सुटलेला असतो, पाइपाभोवतीचा सांधा उघडा पडलेला असतो, सौर बंबाचा किंवा डिशचा स्टँड बसवताना बोल्ट थेट कोब्यात ठोकलेले असतात, आणि कधी कधी तर पावसाचा संबंधच नसतो, वरची टाकी गळत असते. हे ओळखायचं तर पावसात गच्चीवर जायला हवं: पाणी कुठे साचतं, किती वेळ राहतं, कुठल्या सरीनंतर किती तासांनी खाली ओल येते, याची नोंद ठेवायला हवी. कोरड्या गच्चीवर केलेलं निदान हा अंदाजच असतो. त्या अंदाजावर संपूर्ण गच्चीला लेप मारला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुना कोबा न काढता त्यावर नवा चढवला जातो. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतं. जुन्या इमारतीवर असा दुसरा थर टाकणं धोक्याचं आहे. खालून गिलावा आणि रंग करून डाग झाकणं तर आत्मघातकीच. हवा आणि ओल काँक्रीटमध्ये मुरत गेली की सळ्यांचं संरक्षण करणारा त्याचा क्षारधर्म कमी होतो, सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा. कोकणात घर शाकारायचं ते पावसाआधीच, मग गच्चीचं काम मेमध्ये केलं तर काय बिघडलं? कौलारू घरासाठी ती वेळ अगदी योग्य आहे. फुटकी कौलं बदलणं, सरकलेली बसवणं, कुजलेली रीप काढणं ही कोरडी कामं आहेत. ती झाली त्याच दिवशी छप्पर पावसाला तयार असतं. कारखान्याच्या पत्र्याच्या शेडचंही बऱ्याच अंशी तसंच: गंजलेले स्क्रू आणि कडक झालेले वॉशर बदलायला चार कोरडे दिवस पुरतात. सिमेंटच्या कामाला मात्र दिवसचे दिवस पाणी मारावं लागतं आणि काम झाल्यावर गच्चीत पाणी भरून चाचणी घ्यावी लागते. मेमध्ये टँकर मागवणाऱ्या सोसायटीत या दोन्हींवर पहिली काट बसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पावसाळा संपताच स्लॅब ओला असतो, त्यावर डांबरी मेम्ब्रेन चिकटवली तर अडकलेल्या वाफेने ती फुगते. बरोबर आहे, म्हणूनच काम ऑक्टोबरात उरकायचं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दरपत्रकं मागवावीत, गच्ची सुकू द्यावी आणि डिसेंबर ते फेब्रुवारी काम करावं. उन्हाचा तडाखा नसल्याने कोबाही भराभर सुकून तडकत नाही.

वर पत्र्याची शेड टाकली की कटकट मिटली, असंही म्हणतात. शेडला महापालिकेची परवानगी लागते, आणि तिने स्लॅबमधला गंज थांबत नाही, फक्त नजरेआड होतो. वाऱ्याचा विचार न करता बसवलेल्या पत्र्यांचं वादळात काय होतं, ते रायगडने ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात पाहिलं आहे.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. वरच्या मजल्याच्या रहिवाशाने गळतीची तक्रार केली की ‘तुमचं छत, तुम्ही बघा’ असं सांगणाऱ्या समित्या आहेत. हे अन्यायाचं आहे आणि नियमालाही धरून नाही. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती ही सोसायटीची जबाबदारी आहे. त्यासाठीच दुरुस्ती निधी असतो, मोठ्या कामांसाठी सिंकिंग फंड असतो. वार्षिक सर्वसाधारण सभाही कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे ओल डोळ्यांसमोर असताना, पावसातल्या नोंदी आणि फोटो हातात असताना खर्चाला मंजुरी घेण्याची सोय आधीच आहे. त्या सभेत केवळ रकमेचा नव्हे, तर अटींचाही ठराव व्हावा. जुना कोबा कुठे काढायचा, ढाळ किती आणि कोणत्या दिशेला, वाट्याची उंची किती, पाणी भरून किती तास ठेवायचं, हे दरपत्रकातच लिहून घ्यावं. आणि बिलाचा काही भाग पुढचा पावसाळा संपेपर्यंत ठेकेदाराला देऊ नये.