मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया : दात किती टिकतो?

"डॉक्टर, रूट कॅनॉल करून कॅप बसवली त्याला सहा वर्षं झाली. दुखत काहीच नाही. पण हिरडीवर ही पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते." एक शिक्षिका सांगत होत्या. दात वरचा, समोरचा. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाभोवती मसुराएवढा काळा डाग होता. काळं दिसतं म्हणजे तिथलं हाड विरघळलेलं असतं. त्यांनी विचारलं, "काढूनच टाकायचा का?"

रूट कॅनॉलमध्ये आपण दाताच्या आतली नळी साफ करून भरतो. पण मुळाच्या टोकाजवळ या नळीला झाडाच्या मुळांसारखे बारीक फाटे फुटतात. तिथे लपलेले जंतू कधीकधी वाचतात. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे रूट कॅनॉल पुन्हा करणं. या बाईंच्या दातात मात्र कॅपखाली धातूची खुंटी घट्ट बसवलेली होती. ती उपसताना मूळच तडकण्याची भीती होती. वरून वाट बंद असेल तर खालून जायचं, तीच ही शस्त्रक्रिया. जागेवरच भूल देऊन हिरडी बाजूला करतात, हाडात छोटीशी खिडकी पाडतात, मुळाचं टोक सुमारे 3 मिलिमीटर कापतात आणि उरलेल्या मुळाची नळी त्या बाजूने साफ करून बुजवतात. नंतर टाके.

पूर्वी हे टोक आम्ही तिरपं कापत असू, कारण सरळ कापलं तर डोळ्यांना नळीचं तोंड दिसत नसे. तिरप्या कापामुळे मुळातल्या सूक्ष्म नलिका जास्त उघड्या पडत. बुजवायला तीच चांदी, दाढेत भरतात ती. माझ्या हातच्या त्या काळातल्या काही रुग्णांना पुटकुळी पुन्हा आली, हे कबूल करायला हवं. नव्वदच्या दशकात सूक्ष्मदर्शक आला, कंपनांनी साफ करणारी बारीक अवजारं आली आणि कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात डॉ. महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए नावाचा पदार्थ तयार केला. गंमत म्हणजे हा घरं बांधायच्या सिमेंटचा जवळचा नातेवाईक. ओलाव्यातच घट्ट होतो, आणि मुळाच्या टोकाशी ओलावा असतोच.

फरक किती पडला? 2010 साली सेट्झर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. जुन्या पद्धतीचं यश 59 टक्के, नव्या पद्धतीचं 94 टक्के निघालं. पण हा 94चा आकडा सांगताना मी जरा थांबतो. त्यात जेमतेम सहा महिने तपासलेले रुग्णही धरले आहेत. स्वित्झर्लंडच्या फॉन आर्क्स यांनी तेच दात पाच वर्षांनी पुन्हा तपासले आणि 2012 साली निष्कर्ष छापले. एका वर्षानंतर सुमारे 84 टक्के दात बरे होते, पाच वर्षांनंतर सुमारे 76 टक्के. म्हणजे भरून आलेलं काही हाड पुन्हा विरघळलं होतं. एमटीए वापरलेल्या दातांत हे यश 86 टक्के, तर दुसऱ्या एका सिमेंटच्या दातांत 67 टक्के. दाताच्या मानेजवळचं हाड आधीच खचलेलं असेल तर यश 53 टक्क्यांवर आलं. तेव्हा हिरड्यांचा आजार असलेल्याने आधी हिरड्यांकडे बघावं. मूळ उभं तडकलेलं असेल तर ही शस्त्रक्रिया करूच नये, तो दात काढावाच लागतो.

आपल्यापैकी कुणाला हा सल्ला मिळाला असेल, तर डॉक्टरांना खुशाल विचारा : सूक्ष्मदर्शक वापरणार का? मुळाचं टोक कशाने बुजवणार? विचारलेलं चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

त्या बाईंची शस्त्रक्रिया झाली. वर्षाने डाग निम्म्याहून लहान झाला होता. पुढे त्या आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "दुखत नाही हो, कशाला उगाच एक्स-रे?" मी म्हटलं, "बाई, आधी तरी कुठे दुखत होतं?" त्या हसल्या आणि पाचव्या वर्षी आल्या. हाड पूर्ण भरलं होतं. कॅपची कड मात्र सुटली होती, तिथून लाळ आत झिरपायला लागली असती. त्याच आठवड्यात कॅप बदलून दिली.