मोटर तपासण्याचे यंत्र घ्यावे का?

मुलांनो, इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली 'स्केलेक्स्ट्रिक' नावाचा खेळ आणला. त्यात खाच असलेल्या रस्त्यावर छोट्या गाड्यांची शर्यत लावतात. खाचेशेजारच्या धातूच्या पट्ट्यांतून गाडीच्या मोटरला वीज मिळते.

एकाच जातीच्या दोन मोटरीही अगदी सारख्या फिरत नाहीत. म्हणून काही हौशी खेळाडू मोटर तपासण्याचे यंत्र विकत घेतात. मोटरला समजा १२ व्होल्ट दिले, तर ती मिनिटाला किती फेरे घेते, हे यंत्र दाखवते.

तुमच्याकडे एकच गाडी असेल, तर यंत्रावर पैसे घालवू नका. साध्या यंत्रावर मोटर मोकळी फिरते. रस्त्यावर मात्र तिला गाडीचे ओझे ओढावे लागते, प्रत्येक वळणानंतर पुन्हा वेग घ्यावा लागतो. रिकामी हातगाडी कोणीही पळवील. भरलेली पळवून पाहा! त्यापेक्षा घड्याळ लावून गाडीला दहा फेऱ्या मारायला लावा.

हां, डझनभर मोटरींतून एक निवडायची असेल, तर यंत्र उपयोगी पडते. मोटर नेहमीपेक्षा जास्त वीज खाऊ लागली, तर आत काही घासत असेल. पण एवढे कळायला विज्ञानाच्या तासाला वापरतो तो ॲमीटरही पुरतो.