'घाट्स' म्हणजे डोंगर की वाटा?

इंग्रजी भूगोलात सह्याद्रीचे नाव 'वेस्टर्न घाट्स' असे येते. घाट्स म्हणजे पर्वतरांग, असे विद्यार्थी पाठ करतात. महाड-पोलादपूरकडचा विद्यार्थी मात्र सांगेल, घाट म्हणजे वाट. वरंधा घाट महाडहून भोरला नेतो, आंबेनळी पोलादपूरहून महाबळेश्वरला. घाट 'लागतो', 'चढतो', 'उतरतो' आणि पावसाळ्यात 'बंद' होतो. डोंगर काही बंद होत नाही!

मग वाटेचे नाव पर्वताला कसे मिळाले? संस्कृत 'घट्ट' म्हणजे नदीत उतरण्याची जागा. नदीकाठच्या पायऱ्या हा घाट, तशी डोंगर उतरणारी वाट हाही घाट. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात एक अंदाज दिला आहे. लोक 'घाटांवरचा मुलूख', 'घाटांखालचा मुलूख' असे बोलत. ते ऐकून परकीयांना घाट हे पर्वताचेच नाव वाटले असावे. कोकणात देशाला आजही 'घाटावर' म्हणतात, त्यामुळे हा अंदाज आम्हाला पटतो. अनेक वाटांचे अनेकवचन असे एका रांगेचे विशेषनाम झाले, इंग्रजी प्रवासवर्णनांत आणि गॅझेटियरांत रुळले आणि 'पश्चिम घाट' होऊन मराठीत परतले.

योगायोग असा, की इथल्या खडकांचे 'डेक्कन ट्रॅप्स' हे नावही अनेकवचनीच. त्यामागे 'जिना' या अर्थाचा स्वीडिश शब्द आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचले. ते कमी-अधिक झिजल्याने डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. ती दरड डोंगरउतारावरच्या वस्तीवर आली होती, घाटरस्त्यावर नव्हे. 'घाट्समध्ये दरड' एवढीच इंग्रजी बातमी वाचून वाट अडली की गाव गाडले गेले, हे कळत नाही. मराठीत 'घाटात दरड' म्हटले की रस्ताच डोळ्यांपुढे येतो.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. परिसरातील घाटांची यादी करून प्रत्येक घाट कोणती दोन ठिकाणे जोडतो ते लिहायला सांगावे. कशेडीपाशी थोडे थांबावे. पोलादपूर आणि खेड ही त्याची दोन्ही टोके कोकणातच आहेत. तो देशावर जात नाही, मधला डोंगर तेवढा ओलांडतो. तरीही तो घाटच. यावरून घाटाची व्याख्या मुलांनाच करू द्यावी.