आकड्यांपासून कागदापर्यंत

हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर मार्च १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो आहे. शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी तिथे बसवून घेतलेलं यंत्र सुरुवातीला कागदाच्या लांबलचक पट्टीवर पेनाने रेघ ओढायचं आणि माणसं त्या रेघेवरून आकडे वाचायची. आज ते आकडे कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या एका साध्या फाइलमध्ये मिळतात, दर महिन्याची एक ओळ. फाइल उतरवून घ्यायची, आलेख काढायचा आणि छापून भिंतीवर लावायचा, एवढंच काम. पण दर महिन्याला ते हाताने करायचं म्हटलं की कंटाळा येतो, आणि कंटाळ्यात चुका होतात. म्हणून ते शेल स्क्रिप्टकडे सोपवायचं.

शेल म्हणजे आज्ञा घेणारा प्रोग्राम आणि स्क्रिप्ट म्हणजे त्याला द्यायच्या आज्ञांची क्रमवार लिहिलेली यादी. टर्मिनलवर एकेक करून जे टाइप केलं असतं, तेच एका फाइलमध्ये उतरवलेलं.

खरी मेहनत असते आकडे साफ करण्यात. स्क्रिप्सच्या फाइलमध्ये वरच्या कितीतरी ओळी निव्वळ माहितीच्या आहेत आणि त्या अवतरणचिन्हाने सुरू होतात. त्यांच्याखाली स्वल्पविरामांनी तोडलेले रकाने येतात. चौथ्या रकान्यात दशांशात मांडलेली तारीख असते, पाचव्यात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण. मार्च १९५८ समोर दशलक्ष भागांत ३१५ हून थोडा जास्त आकडा आहे. त्याच्या वरच्या दोन ओळींत, म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारीसमोर, वजा ९९.९९ लिहिलेलं आहे.

हवेतल्या वायूचं प्रमाण शून्याखाली जाऊ शकत नाही. त्या महिन्यांची मोजणी नाही, याची ती खूण आहे. १९६४ मध्येही फेब्रुवारी ते एप्रिल हीच खूण दिसते, कारण पैशांअभावी तेव्हा काम थांबलं होतं. स्क्रिप्टला हे सांगितलं नाही, तर आलेखाची रेघ मधेच तळाला कोसळते, उभा अक्ष वजा शंभरापर्यंत ताणला जातो आणि साठाहून अधिक वर्षांची चढण वरच्या कोपऱ्यात चेपून बसते.

इथे ‘ऑक’ कामाला येतं. १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी लिहिलेलं हे हत्यार ओळीमागून ओळ वाचतं. रकाने स्वल्पविरामावर तोड, अवतरणचिन्हाने सुरू होणारी ओळ सोड, पाचवा रकाना शून्यापेक्षा मोठा असेल तरच चौथा आणि पाचवा पुढे दे. हे सगळं एका ओळीत मावतं. पुढे ग्नूप्लॉट हे आकडे घेऊन पीडीएफ फाइलमध्ये आलेख काढतं. १९८६ पासून चालत आलेल्या या प्रोग्रामला अक्षांची नावं, रेघेची जाडी, कागदाचा आकार, सगळं लेखी सांगावं लागतं. एकदा सांगितलं की मार्चचा आणि एप्रिलचा आलेख एकाच साच्यातून निघतात.

एक खाच मात्र इथे आहे. पीडीएफ लिहून पूर्ण झाल्याशिवाय छपाईची आज्ञा सुटता कामा नये. ग्नूप्लॉट चालू असतानाच त्याच्या आतून छपाई मागितली आणि त्याआधी फाइल बंद करायला सांगितलं नाही, तर प्रिंटरच्या हाती अर्धवट फाइल पडते. म्हणून ग्नूप्लॉटचं काम संपून ते बाहेर पडलं की मगच ‘एलपी’ ही आज्ञा द्यायची: कागद ए-फोर, पान आडवं, चित्र पानात बसवून. त्याच्याही आधी एक तपासणी हवी. सर्व्हरवर बिघाड असेल तर आकड्यांऐवजी कधी कधी त्रुटीचा संदेश असलेलं पानच फाइल म्हणून उतरतं. साफ केलेल्या फाइलमध्ये एकही ओळ उरली नसेल, तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. कोरी चौकट छापली जाण्यापेक्षा ते बरं.

मग ‘क्रॉन’. अमुक तारखेला, अमुक वाजता ही स्क्रिप्ट चालव, असं त्याला एका ओळीत सांगता येतं. हाताने चालवलेली स्क्रिप्ट बिनबोभाट चालते आणि क्रॉनखाली तीच अडते, हा अनुभव या कामात अनेकांना येतो. क्रॉन प्रोग्राम शोधतं ते मोजक्याच ठिकाणी. म्हणून प्रत्येक प्रोग्रामचा आणि फाइलचा पूर्ण पत्ता लिहिणं शहाणपणाचं.

या खटाटोपाचं खरं चीज होतं ते ठिकाणं वाढली की. स्क्रिप्स संस्था अलास्कातल्या पॉइंट बॅरोचे आणि दक्षिण ध्रुवाचेही आकडे देते. स्क्रिप्टमध्ये ठिकाणांच्या नावांवर एक फेरा लावला की तीन आलेख एकापाठोपाठ निघतात. पण उभा अक्ष ग्नूप्लॉटच्या मर्जीवर सोडला, तर ते प्रत्येक आलेख चौकटभर ताणतं. बॅरोला उत्तरेकडच्या जंगलांमुळे वर्षभरात मोठी भरती-ओहोटी दिसते, तर ध्रुवावर ती अगदी किरकोळ असते. ताणलेल्या चौकटीत हा फरक बुजतो. तिन्ही आलेखांना तीच चार-पाच वर्षं आणि उभ्या अक्षाच्या त्याच मर्यादा बांधून दिल्या की बॅरोची रेघ उसळ्या मारते, मौना लोआची मध्यम हेलकावते आणि ध्रुवाची जवळजवळ सरळ चढत जाते. या मर्यादा कुणी ठरवल्या, हे विचारणाऱ्याला स्क्रिप्टमधली ती ओळ दाखवता येते. माउसने ओढून ठरवलेल्या मर्यादेची अशी नोंद सहसा राहत नाही.

काही गोष्टी आकडे साफ करून कळत नाहीत. २७ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्ह्याने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली, आणि पुढचे काही महिने मोजणी शेजारच्या मौना केआवर झाली. त्या काळातले आकडेही शून्यापेक्षा मोठेच आहेत, त्यामुळे ऑक ते मुकाट्याने पुढे पाठवतं. वाचणाऱ्याला हा बदल कळावा असं वाटत असेल, तर तो इतिहास माहीत असलेल्या माणसाने ग्नूप्लॉटच्या आज्ञांत त्या तारखेवर एक तुटक उभी रेघ आणि शेजारी दोन शब्दांची चिठ्ठी घालायची. पुढच्या प्रत्येक महिन्याच्या छापील पानावर ती आपोआप येत राहते.